जादूच्या जगातील पाखंड आणि आपण

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा मी मधुमेहावर किंवा हृदयविकारावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. गेली काही वर्षे मी तेच करीत आलो आहे, आणि भाषणानंतरच्या भोजनात माझ्या उपदेशाचे काय होते तेही पाहत आलो आहे. म्हणून यंदा मी विषय बदलण्याची परवानगी मागून घेतली. विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या भुवया उंचावल्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने जादूटोण्याच्या खेळावर बोलावे काय, असे एकांनी मला स्पष्टच विचारले. त्यांची शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या घराच्या तळघरात शनिवारी संध्याकाळी पाच-सहा मुले जमतात. टेबलावर कागद, पेन्सिली, नकाशे आणि अनेक पैलूंचे फासे असतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीची एकेक पात्र घेतात आणि सगळी मिळून बोलत बोलत एक कथा रचतात. पात्राने उडी मारली तर ती साधली की नाही हे फासा सांगतो. माझी सोळा वर्षांची कन्या या मंडळींत आहे. बरेच दिवस मी या प्रकाराकडे पोरखेळ म्हणूनच पाहत होतो. एका रात्री ती वर आली आणि तिने मला एक प्रश्न विचारला. तो मी योग्य ठिकाणी सांगेन. त्या प्रश्नाने माझी झोप उडविली, एवढे आता सांगतो.

प्रथम एका शब्दाविषयी. धर्ममताच्या विरुद्ध जाणाऱ्यास आपण मराठीत ‘पाखंडी’ म्हणतो. हा शब्द मुळात शिवीचा नव्हता. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ. सर्व पासंडांचा आदर करावा, आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि परक्याची निष्कारण निंदा टाळावी, असे तो राजा प्रजेला सांगतो. पुढे काळ पालटला. वेद न मानणाऱ्या श्रमणांना, म्हणजे आपल्या पूर्वसूरींना, उद्देशून तोच शब्द तुच्छतेने वापरला जाऊ लागला. शब्द तोच राहिला, बोलणाऱ्याची सत्ता बदलली. तेव्हा पाखंड म्हणजे काय, हे मतावर कमी आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे यावर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू.

आता खेळाकडे वळू. या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. १९८० च्या दशकात या देशातील काही धार्मिक गटांनी त्याविरुद्ध मोठे काहूर उठविले. हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, असा त्यांचा आरोप होता. १९८५ साली ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही त्याची चर्चा झाली. म्हणजे ज्या खेळात पाखंडाच्या कथा रचल्या जातात, तो खेळच पाखंडी ठरविण्यात आला. काळाच्या ओघात ते काहूर विरले आणि खेळ मात्र टिकला.

आपल्या ज्येष्ठांची शंका मात्र निराळी आहे. जादूच्या कथांनी मुलांची विवेकबुद्धी मंदावेल काय, असे त्यांना वाटते. दीघनिकायात केवट्ट सुत्त आहे. केवट्ट नावाचा गृहस्थ नालंदेला भगवान बुद्धांना विनवितो की, एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखविण्यास सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. अशा गोष्टी पाहून अश्रद्ध माणूस म्हणेल की ही एखादी विद्या आहे, दुसरे काय? खरे प्रातिहार्य एकच, आणि ते म्हणजे उपदेश, ज्यायोगे माणूस स्वतः बदलतो. ही दृष्टी घेऊन आपण जादूच्या कथेकडे पाहिले, तर ‘हे खरे आहे काय?’ हा प्रश्न आपोआप गळून पडतो. तळघरातील कोणत्याही मुलाला ते खरे वाटत नाही. उरतो तो दुसरा प्रश्न: या कल्पित जगात शक्ती कोणाच्या हाती आहे, ती कोणत्या नियमाने मिळते, आणि तो नियम मोडणाऱ्याचे काय होते?

माझ्या कन्येचा मेळा जो खेळ खेळतो त्याचे नाव ‘रूनक्वेस्ट’. तो केऑसियम या अमेरिकन संस्थेने १९७८ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याचे प्रमुख रचनाकार स्टीव्ह पेरिन होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राला एक ‘क्लास’ असतो. पात्र योद्धा असते, मांत्रिक असते किंवा पुरोहित असते. मूळ नियमांनुसार मांत्रिकाला चिलखत घालता येत नसे, पुरोहिताला धारदार शस्त्र धरता येत नसे आणि योद्ध्याला मंत्र येत नसत. रूनक्वेस्टने ही वर्गवारीच काढून टाकली. तेथे कोणीही तलवार शिकू शकतो, कोणीही मंत्र शिकू शकतो. प्रत्येक कौशल्य शंभरपैकी एका आकड्यात मोजले जाते आणि ते वापराने वाढते. त्यातही एक मौज आहे. वापरलेले कौशल्य वाढले की नाही हे पाहण्यासाठी जो फासा टाकतात, तो आपल्या सध्याच्या आकड्याच्या वर पडावा लागतो. म्हणजे ज्याला कमी येते त्याची शिकण्याची शक्यता अधिक, आणि जो पारंगत आहे त्याला पुढचे पाऊल टाकणे कठीण. शिक्षणाविषयी इतका शहाणा नियम मी पुष्कळ विद्यापीठांतही पाहिलेला नाही.

हा खेळ ज्या जगात घडतो त्याचे नाव ‘ग्लोरान्था’. ग्रेग स्टॅफर्ड नावाच्या तरुणाने १९६६ साली, विस्कॉन्सिनमधील बेलॉइट महाविद्यालयात शिकत असताना, ते कल्पिण्यास प्रारंभ केला आणि २०१८ साली मृत्यू येईपर्यंत तो त्यात भर घालीत राहिला. त्याचा व्यासंग पुराणकथांचा होता. त्यामुळे या जगात राक्षस आणि खजिने यांच्यापेक्षा धर्म, पंथ, विधी आणि त्यांच्यातील वाद यांना अधिक जागा मिळाली. पुढे २०१४ साली या जगाची दोन खंडांची मोठी मार्गदर्शिका निघाली. ती कन्येच्या टेबलावरून उचलून मी रात्रपाळीत वाचली, याची कबुली देतो.

ग्लोरान्थात शक्ती मिळविण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला आत्म्यांशी व्यवहार करणाऱ्या शामानांचा. दुसरा देवांना भजणाऱ्यांचा: भक्त आपल्या सत्त्वाचा अंश देवाला अर्पण करतो आणि त्या देवाच्या सामर्थ्याचा वाटा मिळवितो. तिसरा मांत्रिकांचा. हे मांत्रिक देवांना भजत नाहीत. विश्व निर्वैयक्तिक नियमांनी चालते, ते नियम अभ्यासाने जाणता येतात आणि जाणणारा त्यांना राबवू शकतो, असे ते मानतात. प्रत्येक मार्गाच्या दृष्टीने उरलेले दोन्ही पाखंड!

यांच्या मुळाशी आणखी एक कल्पना आहे. सृष्टी नष्ट होण्याच्या बेतात आली तेव्हा देवांनी आपसांत एक महान तडजोड केली आणि त्यातून ‘काळ’ जन्मास आला. त्या करारानुसार देव आपल्या ठरलेल्या कथेत कायमचे बांधले गेले. ते स्वेच्छेने काही नवे करू शकत नाहीत. इच्छास्वातंत्र्य उरले ते केवळ मर्त्य माणसाला. देव सामर्थ्यवान आहेत पण बदलू शकत नाहीत, माणूस दुबळा आहे पण बदलू शकतो! ही कल्पना एका अमेरिकन तरुणाने खेळासाठी लिहिली असली, तरी तिच्याजवळ आपण क्षणभर थांबावे एवढे तिचे मोल आहे.

आता मुख्य कथेकडे येतो. ग्लोरान्थाच्या पश्चिमेस ‘ब्रिथिनी’ नावाचे लोक आहेत. ते मांत्रिकांच्या मार्गाचे, अर्थात देवांना न भजणारे. त्यांचा समाज चार जातींत विभागलेला आहे. द्रोनार म्हणजे कष्टकरी, होराल म्हणजे सैनिक, झाबुर म्हणजे मांत्रिक आणि तालार म्हणजे राज्यकर्ते. मंत्रविद्या फक्त मांत्रिकांची, शस्त्र फक्त सैनिकांचे. आणि या व्यवस्थेला एक विलक्षण बक्षीस जोडलेले आहे. जोवर ब्रिथिनी मनुष्य आपल्या जातीचे नियम तंतोतंत पाळतो, तोवर त्याला वार्धक्य येत नाही. तो शतकानुशतके तसाच राहतो. नियम मोडला की जरा त्याला गाठते. मृत्यूनंतर काही उरते यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून तर वार्धक्याचे भय अधिकच मोठे.

बंधू-भगिनींनो, ही रचना आपण नीट पाहावी. या लोकांनी देव नाकारला आहे, पण जात सोडलेली नाही. निरीश्वरवाद आपल्याला आपोआप समतेपर्यंत नेत नाही, हे याहून स्पष्टपणे कोण सांगेल? बाबासाहेबांनी नागपूरला ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांत देवदेवता नाकारणाऱ्या प्रतिज्ञा आहेत तशाच सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची आणि समता स्थापण्यासाठी प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा आहे. पहिल्या पाळून दुसऱ्या विसरल्या, तर आपण ब्रिथिनी होऊ.

या समाजातून निघालेल्या सेश्नेला देशात ह्रेस्टोल नावाचा राजपुत्र होऊन गेला. राज्यावर संकट आले, तेव्हा त्याला उमगले की ज्याने त्याने आपापल्या जातीत उभे राहून ते टळणार नाही. त्याने जातीची मर्यादा ओलांडून शस्त्र हाती घेतले. त्याने ‘सर्वकर्मी’ माणसाचा आदर्श मांडला: जो कष्ट करू शकतो, लढू शकतो, मंत्र जाणतो आणि राज्यही चालवू शकतो असा माणूस. त्याची कहाणी निष्कलंक नाही. लढ्यात त्याच्या हातून त्या भूमीच्या देवतेच्या कन्येची हत्या झाली आणि अखेर त्याला हद्दपार व्हावे लागले. पण त्याचे मत टिकले. त्याच्या अनुयायांनी जात ओलांडली आणि त्याची किंमतही मोजली. त्यांना वार्धक्य आले, मृत्यू आला. त्या बदल्यात त्यांना जो अनुभव लाभला त्यास ह्रेस्टोलच्या शिकवणुकीत ‘आनंद’ असे म्हटले आहे.

आता कन्येचा प्रश्न सांगतो. त्या रात्री फाशाने तिला द्रोनार जात दिली होती. वर येऊन ती म्हणाली, “बाबा, तुम्हांला कोणी सांगितले की तुम्ही कधीच म्हातारे होणार नाही, पण तुमची जात कधी सोडायची नाही, तर तुम्ही काय कराल?”

मी वैद्य आहे. वार्धक्य मी रोज पाहतो. चार महिने अधिक मिळावेत म्हणून माणसे काय काय सोसावयास तयार होतात, ते मी जाणतो. म्हणून मी थट्टेवारी नेले आणि म्हणालो, “माझे गुडघे पाहता मी विचार करीन.” ती हसली नाही. तिने पुढे विचारले, “आणि आजोबांच्या बाबांनी काय केले असते?”

तिला आपल्या पणजोबांविषयी फारसे ठाऊक नव्हते, कारण मी सांगितलेच नव्हते. माझे आजोबा नगर जिल्ह्यातील एका खेड्याचे वतनदार महार. वतनदार हा शब्द ऐकून परका माणूस जमीनदार समजेल. वतन म्हणजे जमिनीचा एक तुकडा, बलुत्याचे थोडे धान्य आणि दारोदार भाकरी मागण्याचा हक्क. त्याच्या मोबदल्यात दिवसरात्र केव्हाही हाक आली की धावायचे, सरकारी टपाल पोहोचवायचे, वेशीची राखण करायची, मेलेले ढोर ओढायचे. घरातला कर्ता बाहेरगावी असेल तर त्याच्या बदली बापाने किंवा पोराने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक आणले, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत काही आपलेही लोक होते. का? कारण तो तुकडा हातचा जाईल हे भय. अपमान नित्याचा होता, पण भाकरी निश्चित होती. अखेर ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. आजोबांनी त्यापूर्वीच, १९३० च्या दशकात, वतन सोडून मुंबईची वाट धरली होती. आजी सांगत असे की पहिली दोन वर्षे त्यांनी पोटभर जेवण पाहिले नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून ज्या असंख्य लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांत आजी-आजोबा होते.

हे सारे मी त्या रात्री कन्येला सांगितले. ऐकून ती म्हणाली, “म्हणजे ब्रिथिनींचे अमरत्व हे वतनच होते.” पन्नाशी उलटलेल्या माणसाला सोळा वर्षांच्या मुलीने वतनाचा अर्थ सांगावा, यापरते सुख नाही. जातिव्यवस्था केवळ दंडाने टिकत नाही. आज्ञाधारकाच्या हातात ती काहीतरी ठेवते आणि तेवढे गमावण्याची भीती त्याला घालते, म्हणून ती टिकते.

ह्रेस्टोलच्या पुढच्या काळातील दोन देश उद्बोधक आहेत. पहिला, नंतरच्या काळातील सेश्नेला. तेथे ‘रोकारी’ नावाचा पंथ प्रबळ झाला. त्याने सर्वकर्मी माणसाचा आदर्शच मोडीत काढला आणि जन्मजात जातीचा कडक नियम पुन्हा लादला. गंमत अशी की हा पंथही त्याच प्राचीन गुरूचे, मालकिओनचे, नाव घेतो आणि जात ओलांडणाऱ्यांना पाखंडी ठरवितो. दुसरा देश लोस्काल्म. तेथे ह्रेस्टोलचे मत नव्याने रुजले. जन्माने कोणी श्रेष्ठ नाही. प्रत्येकाने आरंभ कष्टकरी म्हणूनच करायचा, मग योग्यतेनुसार सैनिक, मांत्रिक आणि अखेर अधिपती व्हायचे. राजाच्या मुलालाही प्रथम नांगर धरावा लागतो.

कन्येला लोस्काल्म फार आवडले. मलाही प्रथम आवडले. नंतर मी ‘जातिनिर्मूलन’ पुन्हा उघडले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतःच प्रसिद्ध केलेले ते न झालेले भाषण आपणा सर्वांना परिचित आहे. त्यात त्यांनी गुणकर्मावर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचा खरपूस समाचार घेतला आहे. योग्यतेनेच स्थान ठरणार असेल, तर जुनी चार नावे कशाला हवीत? त्या नावांना चिकटलेला मान आणि अपमान नावांबरोबरच येतो. शिवाय माणसांची चारच खणांत वाटणी करता येईल इतकी माणसे साधी नसतात. प्लेटोच्या आदर्श राज्यावरही त्यांनी हाच आक्षेप घेतला होता. लोस्काल्मने जन्माची अट काढली, पण शिडी ठेवली. शिडीच्या तळाशी जो आयुष्यभर राहिला, तो आता आपल्या अयोग्यतेमुळे राहिला असे ठरते. रोकारी देशातील कष्टकऱ्याला निदान अन्याय झाला असे म्हणता येईल. लोस्काल्मच्या कष्टकऱ्याला तेही म्हणता येणार नाही! ज्या देशात आपण आज राहतो, तेथेही यशस्वी माणसाला आपले यश सर्वस्वी गुणांचे वाटते. आपणा डॉक्टर, इंजिनीअर मंडळींना या मोहापासून विशेष जपले पाहिजे.

या कल्पनेतील एक मोठी उणीवही सांगतो. मी जेवढे वाचले त्यात या चार जातींच्या बाहेर ढकललेला, गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस मला आढळला नाही. अस्पृश्यता नाही, पाणवठ्याचा प्रश्न नाही, सावलीचा विटाळ नाही. जातीचा हा नकाशा बराचसा वरून काढलेला आहे. खालून पाहणाऱ्याने तो काढला असता तर त्याचा रंग निराळा झाला असता. ते काम आपल्या मुलांनी करावे. कल्पित जगे निर्माण करण्याचा मक्ता कोणा एकाकडे नाही.

आणखी तीन कथा थोडक्यात सांगतो. पहिली अर्काटची. हा ब्रिथिनींत होराल म्हणून जन्मला. एका मायावी शत्रूचा नाश करण्यासाठी त्याने एकामागून एक धर्म बदलले: प्रथम ह्रेस्टोलचा पंथ, मग वादळदेवाच्या लोकांचा, आणि शेवटी विधिपूर्वक पुनर्जन्म घेऊन तो काळोखाच्या देवतांना भजणाऱ्या ट्रोल लोकांत गेला. प्रत्येक वेळी मागे राहिलेल्यांनी त्याला विश्वासघातकी म्हटले. आपल्यालाही हे नवे नाही. परंतु एक भेद आहे. अर्काटला प्रत्येक धर्मात शस्त्र हवे होते. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात घोषणा केली आणि १९५६ साली दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे शस्त्राच्या शोधात गेली नाहीत, ती सद्धर्माच्या अभ्यासात गेली.

दुसरी कथा त्या शत्रूची. त्याचे अनुयायी त्याला नायसालोर म्हणतात, अर्थात प्रकाश. शत्रू त्याला ग्बाजी म्हणतात, अर्थात फसविणारा. त्याचे प्रचारक पश्चिमेत आले तेव्हा तेथे रोगाची साथ होती. त्यांनी उपचार केले आणि मोबदल्यात भक्ती मागितली. पुढे उघड झाले की साथ त्यांनीच आणली होती. वैद्य या नात्याने ही कथा मला सर्वांत भयंकर वाटते. उपचाराच्या बदल्यात निष्ठा मागणारा कोणीही असो, त्याच्यापासून सावध असावे. याच पंथात कोड्यांतून मिळणारी एक ‘प्रबुद्धता’ आहे. ती लाभलेल्या माणसाला धर्मभंगाची शिक्षा बाधत नाही. तिच्यामुळे कोणी करुणावान होतो, तर कोणी नृशंस. शीलाशिवाय प्रज्ञा ही दुधारी तलवार आहे, हे आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले. या खेळाने त्याची कथा करून दाखविली.

तिसरी कथा ‘गॉड लर्नर्स’ म्हणविल्या गेलेल्या विद्वानांची. त्यांनी सर्व लोकांच्या पुराणकथा गोळा केल्या, त्यांचा तौलनिक अभ्यास केला आणि सगळे देव म्हणजे एकाच यंत्राचे बदलते भाग असा निष्कर्ष काढला. तो पडताळण्यासाठी त्यांनी दोन दूरच्या प्रदेशांतील धान्यदेवतांची अदलाबदल केली. प्रारंभी काही बिघडले नाही. मग पिके बुडाली आणि माणसे भुकेने मेली. अखेर त्यांच्याविरुद्ध सारे जग उठले आणि त्यांची भूमी समुद्रात गेली. त्यांचा गुन्हा जिज्ञासा हा नव्हता. ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना त्यांनी विचारले नाही, हा होता. वैद्यकशास्त्राचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला ही कथा कल्पित वाटणार नाही.

शेवटी एक कबुली देऊन आपली रजा घेतो. या देशात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. यजमानांनी आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग गावातली आळी विचारली. प्रश्न कोठे चालला आहे ते मला कळले होते. मी पुण्याचे नाव सांगून विषय क्रिकेटकडे वळविला. कोणी मला अपमानित केले नाही. जेवण उत्तम होते. पण त्या रात्री मी एक छोटेसे वतन स्वीकारले, आणि ते वीस वर्षे सांभाळले. त्या वतनाचा हप्ता म्हणून मी माझ्या मुलीला तिच्या पणजोबांची कथा सांगितली नाही. मला वाटे, मी तिला दुःखापासून वाचवितो आहे. वस्तुतः मी स्वतःला वाचवीत होतो. ज्या माणसाने भाकरीचा हक्क सोडला त्याच्या नातवाने मेजवानीतील दोन तासांच्या सुखासाठी गप्प बसावे, ही लाज एका खेळातील प्रश्नाने माझ्यासमोर आणून ठेवली.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. मुले कल्पित जगात रमली तर घाबरू नका. त्यांच्याजवळ बसा. तेथे शक्ती कोणाची आहे, नियम कोणी केला आणि तो मोडणाऱ्याला काय म्हणतात, हे त्यांना विचारा. मग आपल्या घरातल्या पहिल्या नियम मोडणाऱ्या माणसाचे नाव त्यांना सांगा. त्यांच्या प्रश्नांना चार्ट, गुण आणि प्रवेशपरीक्षा यांच्या खाली दडपू नका.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांना पाखंडी म्हटले गेले. त्यांच्याजवळ ना मंत्र होते, ना बक्षीस. हातचे होते तेही सोडून ते निघाले. माझी कन्या पुढच्या शनिवारी आपल्या द्रोनार पात्राला सीमेपलीकडे घेऊन गेली. पलीकडे काय आहे हे सूत्रधाराने सांगितले नव्हते. फासा कसा पडला, असे मी विचारले. ती म्हणाली, “वाईट पडला, बाबा. पण ती परत जाणार नाही.”

त्या उत्तराबद्दल मी तिचा ऋणी आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.